गरिबांची यादी

१८२१ साली पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चॅरिटी बटलर नावाची एक बाई खटला हरली. ती शेजारच्या मेरीलंड राज्यातल्या एका मालकाची गुलाम. पेनसिल्व्हेनियानं १७८० सालीच गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं संपवण्याचा कायदा केला होता. बाहेरच्या मालकानं आपला गुलाम या राज्यात आणून सहा महिन्यांहून जास्त ठेवला तर तो गुलाम मोकळा, असं त्यात म्हटलं होतं. चॅरिटीला वेळोवेळी सरहद्दीच्या अलीकडे आणलं गेलं होतं. सगळ्या मुक्कामांचे दिवस एकत्र धरले तर मुदत भरत होती. मालकाच्या वकिलानं मुद्दा काढला की कायद्याला सलग सहा महिने हवेत, तुकडे जोडून चालणार नाही. कोर्टाला ते पटलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामीतच राहिली.

तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स. तेव्हा त्याची तिशीही उलटली नव्हती. मेरीलंडच्या सरहद्दीजवळच्या गेटिसबर्ग गावात त्यानं वकिली मांडली होती आणि ती चांगली चालत होती. पुढे हाच माणूस गुलामगिरीचा कडवा शत्रू म्हणून अमेरिकाभर ओळखला गेला. यादवी युद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये त्यानं काय केलं ते इतिहासाच्या पुस्तकांत सविस्तर मिळतं. मला मात्र त्याची गोष्ट सांगावीशी वाटते ती या खटल्यापासून आणि त्यानंतर चौदा वर्षांनी पेनसिल्व्हेनियाच्या राजधानीत, हॅरिसबर्गच्या विधानसभेत त्यानं शाळांसाठी केलेल्या भाषणापर्यंत. त्या चौदा वर्षांत एका हुशार, पैसा कमावणाऱ्या वकिलाचा जो माणूस झाला, तोच पुढे शेवटपर्यंत टिकला.

त्याच्यापर्यंत मी पोचले ती जोतीराव फुल्यांमुळे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून सोडवताना त्या लोकांनी दाखवलेल्या निरपेक्ष बुद्धीबद्दल. पुण्यात बसून एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांना आपलं पुस्तक अर्पण करतो, ही गोष्ट मला शाळेत शिकवली तेव्हा नुसती माहिती म्हणून डोक्यात राहिली. खूप नंतर वाटायला लागलं, हे सदाचारी लोक म्हणजे नक्की कोण? लिंकनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. बाकीचे कोण होते, कुठून आले, त्यांची घरं कशी होती? असं शोधत गेल्यावर जी माणसं भेटली त्यात हा तिरसट, लंगडा वकील माझ्या मनात घर करून बसला.

त्याचा जन्म ४ एप्रिल १७९२ चा, उत्तरेकडच्या व्हरमाँट राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. एक पाय जन्मतःच वाकडा. थोरल्या भावाचे तर दोन्ही. बाप शेती करी आणि जोडे शिवी. पोरं लहान असतानाच तो घर सोडून गेला तो परत आला नाही. चार मुलगे आणि आई, सारा. अधू पोरगं शेतावर राबू शकणार नाही, तेव्हा याला शिकवायचंच, असं तिनं ठरवलं. म्हातारपणी स्टीव्हन्स स्वतः हे सांगत असे. मुलांना शाळा मिळावी म्हणून तिनं बिऱ्हाड जवळच्या पीचम गावी हलवलं, तिथं एक चांगली शाळा होती. रात्रंदिवस कष्ट करून तिनं या पोराला डार्टमथ कॉलेजपर्यंत पोचवलं. १८१४ मध्ये तो पदवीधर झाला. पुढे पैसा हातात आल्यावर त्यानं आईला २५० एकरांचं शेत आणि चौदा गाई घेऊन दिल्या, आणि आयुष्यात याहून मोठा आनंद मिळाला नाही असं तो म्हणे. अशी आई आपल्याकडे घरोघर भेटते. शिलाई मशीनवर, खानावळीच्या पोळ्यांवर, दुसऱ्याच्या शेतातल्या खुरपणीवर पोराचं शिक्षण काढणारी. सारा स्टीव्हन्सची हकिकत वाचताना मला परकेपणा वाटलाच नाही.

पदवीनंतर तो पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी मास्तर झाला आणि शाळा सांभाळून रात्री कायदा शिकू लागला. तिथल्या वकील मंडळींनी नियम केला की, वकिलीची तयारी करताना दुसरा पेशा करणाऱ्याला सनद मिळणार नाही. ज्याच्या घरी पैसे आहेत त्यानं खुशाल नुसता अभ्यास करावा, मास्तरकी करून पोट भरणाऱ्यानं यायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तो घोडा घेऊन सरहद्दीपलीकडे मेरीलंडला गेला, तिथं परीक्षा दिली आणि १८१६ मध्ये गेटिसबर्गला पाटी लावली. पुढच्याच वर्षी खुनाच्या एका आरोपीच्या बचावात त्यानं वेडेपणाचा मुद्दा मांडला. आरोपी फासावर गेला, पण हा नवा वकील काय चीज आहे हे जिल्ह्याला कळलं. अशिलांची रीघ लागली.

आणि त्या रांगेत चॅरिटीचा मालक आला.

या खटल्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते. वकील म्हणून त्यानं काहीच गैर केलं नाही असं म्हणता येईल. अशिलाची बाजू मांडली, कलमाचा अर्थ लावला, जिंकला. पण गुलाम आईची मुलं गुलाम, या नियमाखाली जगणाऱ्या एका बाईच्या हातातोंडाशी आलेली सुटका त्यानं दिवसांच्या हिशेबावर हिसकावून घेतली. स्टीव्हन्सनं पुढे हजारोंसाठी जे केलं त्याचा चॅरिटी बटलरला काहीच उपयोग नव्हता. त्याच्या चरित्रात हा खटला एखाद्या तळटीपेत टाकून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

दोनच वर्षांनी, १८२३ च्या ४ जुलैला, गेटिसबर्गच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेजवानीत पेले उंचावले गेले तेव्हा स्टीव्हन्सनं शब्द उच्चारले: पुढचा राष्ट्राध्यक्ष असा स्वतंत्र माणूस असो, ज्यानं कधी कुणा गुलामाच्या पायात बेड्या ठोकल्या नाहीत. त्या क्षणी चॅरिटी त्याच्या मनात होती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बेड्या ठोकण्याच्या कामात वकिलाचा हातोडा कसा चालतो हे त्या मेजवानीत त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यानंतर पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रं तो घेत राहिला.

१८३३ मध्ये तो राज्याच्या विधानसभेत निवडून आला. पक्ष होता फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या विरोधात उभा राहिलेला. त्या विरोधात स्टीव्हन्स फार टोकाला गेला. मेसन पुढाऱ्यांना चौकशीसाठी ओढून आणण्याचा त्याचा हट्ट वाचताना मला तो आवडत नाही. त्याची जीभ जहरी होती, जुगाराचा नाद होता, सत्ता मिळाल्यावर कालवे आणि रेल्वेच्या कामांचं राजकारणही त्यानं मनसोक्त केलं. आपल्या लोखंडाच्या भट्टीच्या बाजूनं जाणाऱ्या एका वळणावळणाच्या रेल्वेमार्गासाठी तर भलताच आटापिटा केला. तरी १८३५ च्या एप्रिलमध्ये हॅरिसबर्गला जे घडलं, ते त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही.

आधी तिथल्या शाळांची व्यवस्था काय होती ते सांगायला हवं. १८०९ च्या कायद्यानं गरिबांच्या मुलांचं शिक्षण सरकारी खर्चानं होत असे. पण त्यासाठी कर आकारणारा अधिकारी घरोघर जाऊन पाच ते बारा वर्षांच्या, ज्यांचे आईबाप फी भरू शकत नाहीत अशा मुलांची नावं लिहून घेई. म्हणजे बापानं सरकारी माणसासमोर म्हणायचं, मी दरिद्री आहे, माझ्या पोरांची नावं घाला. ही यादी मग मास्तरापर्यंत जाई. कित्येक स्वाभिमानी आईबापांनी पोरं घरी ठेवली, यादीत नाव दिलं नाही. १८३४ मध्ये नवा कायदा आला: शाळा सगळ्यांसाठी, खर्च सगळ्यांच्या करातून, यादी नाही.

राज्यभर संताप उसळला. त्याची कारणं एका जातीची नव्हती. पैसेवाल्यांना आणि मूलबाळ नसलेल्यांना दुसऱ्याच्या पोरांसाठी कर नको होता, हे उघड आहे. क्वेकर पंथीयांच्या स्वतःच्या शाळा चांगल्या चालत होत्या. त्यांना दोनदा पैसे मोजावे लागणार होते. आणि जर्मन बोलणारे शेतकरी मोठ्या संख्येनं होते. त्यांच्या शाळा चर्चच्या, शिकवणं जर्मनमधून. सरकारी शाळा आल्या की पोरं इंग्रजी बोलायला लागतील, देवळापासून आणि घरापासून तुटतील, ही त्यांची भीती. या लोकांना अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. आपल्या गावातली मराठी शाळा पटाअभावी बंद होताना ज्यानं पाहिलीय त्याला त्यांची भीती कळेल. कायदा रद्द करा म्हणणाऱ्या अर्जांवर सुमारे ३२ हजार सह्या जमल्या. वरिष्ठ सभागृहानं कायदा रद्द करण्याच्या बाजूनं मत देऊनही टाकलं. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारांचाही कल तिकडेच होता. कनिष्ठ सभागृहाचं मत पडलं की विषय संपणार होता.

११ एप्रिल १८३५ ला तो बोलायला उभा राहिला. समोर मांडलेला प्रस्ताव म्हणजे जुनी यादी परत आणण्याचाच होता. तो म्हणाला, जन्मावरून ठरणारे उच्चनीच भेद पुरेसे घृणास्पद आहेत, पण गरिबीवरून ठरणारे त्याहून कितीतरी जास्त. या कायद्याला नाव द्यायचंच असेल तर असं द्या: श्रीमंत आणि गर्विष्ठांपासून गरीब वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्यावर शिक्का आणि डाग मारण्याचा कायदा.

कराचा मुद्दा त्यानं टाळला नाही. मला मुलं नाहीत, मी शाळेला पैसे का देऊ, असं विचारणाऱ्याला त्यानं उलट विचारलं: तुम्ही कधी गुन्हा केलेला नाही, मग तुरुंगाचा आणि फौजदारी कोर्टाचा कर कसा मुकाट भरता? गुन्हेगाराला पोसायला आणि शिक्षा करायला पैसे देता, तो गुन्हेगार होऊ नये म्हणून मागितले की ओरडता. स्टीव्हन्स स्वतः अविवाहित होता, म्हणजे हा हिशेब त्यालाही लागू होता. मग त्यानं सहकाऱ्यांच्या वर्मावर बोट ठेवलं. मतदार चिडतील म्हणून मागे सरणाऱ्याकडे विचारवंताचं डोकं नाही, परोपकारी माणसाचं काळीज नाही, किंवा शूराची धमक तरी नाही. शाळांचा कायदा करणारा गव्हर्नर जॉर्ज वुल्फ हा विरोधी पक्षाचा, वर मेसन. म्हणजे स्टीव्हन्सनं जन्मभर झोडपावा असा. त्याच्याही बाजूनं तो त्या दिवशी उभा राहिला.

सभागृहानं मत फिरवलं. वरच्या सभागृहालाही मागे यावं लागलं. कायदा वाचला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या सार्वजनिक शाळा त्या दिवसापासून आजपर्यंत चालू आहेत.

हे भाषण मी वाचलं तेव्हा ‘शिक्का’ या शब्दावर थांबले होते. आमच्या शाळेत नादारीचे अर्ज जूनमध्ये भरायचे. वर्गशिक्षक हजेरी झाल्यावर म्हणत, नादारीवाल्यांनी उभं राहा. आम्ही उभे राहायचो. कुणी हसत नसे, शिक्षकही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त माणसं मोजायची असत. पण माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी एका वर्षी उभी राहिली नाही. तिच्या वडिलांची नोकरी सुटली होती हे आम्हाला ठाऊक होतं, अर्ज तिच्या दप्तरात घडी घालून ठेवलेला मी पाहिला होता. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. फुकट शिक्षण आणि हक्काचं शिक्षण यात काय अंतर असतं ते मला तिच्यामुळे माहीत होतं. स्टीव्हन्सनं ते विधानसभेत, कायद्याच्या भाषेत, उघड्यावर मांडलं होतं.

आणि इथे फुले पुन्हा आठवतात. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात करांचाच हिशेब आहे, पण उलट्या बाजूनं. पेनसिल्व्हेनियात श्रीमंत म्हणत होते, आमच्या पैशानं गरिबांची पोरं का शिकवायची? फुले दाखवून देत होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं असण्याचं कारण नाही. तरी शाळेच्या प्रश्नात मुळाशी पैसा कुणाचा आणि मान कुणाचा हेच असतं, हे दोघांनाही स्वच्छ दिसलं होतं. मला तर वाटतं, इथे फुल्यांची नजर जास्त खोल गेली.

१८३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाची राज्यघटना नव्यानं लिहिण्यासाठी परिषद भरली. स्टीव्हन्स तिथं प्रतिनिधी होता. मतदानाच्या कलमात ‘गोरा’ हा एक शब्द घातला गेला आणि राज्यातल्या स्वतंत्र काळ्या नागरिकांचा मताधिकार गेला. काम पुरं झाल्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या होत्या. स्टीव्हन्सनं सही केली नाही. सतरा वर्षांपूर्वी कायद्याच्या एका शब्दाचा अर्थ ताणून ज्यानं खटला जिंकला होता, त्याला एका शब्दाची किंमत पुरती कळलेली होती.

१८३८ च्या डिसेंबरात निवडणुकीच्या वादातून हॅरिसबर्गला दोन-दोन विधानसभा भरल्या, जमाव सभागृहात घुसला आणि स्टीव्हन्सला दोन साथीदारांसह मागच्या खिडकीतून उडी टाकून पळावं लागलं. लष्कर बोलावलं गेलं. त्यांच्या काडतुसांतल्या बकशॉट म्हणजे जाड छऱ्यांवरून या प्रकरणाला ‘बकशॉट वॉर’ म्हणतात. त्याच्या पक्षाची या वादातली बाजू फारशी धुतल्या तांदळासारखी नव्हती. पुढे राज्यातलं त्याचं वजन ओसरलं, लोखंडाच्या भट्ट्यांनी कर्जात बुडवलं, आणि १८४२ मध्ये तो लँकेस्टर या मोठ्या गावी वकिलीसाठी गेला. तिथं लवकरच तो पहिल्या फळीत पोचला आणि कर्ज फेडू लागला.

लँकेस्टरच्या घराचा कारभार १८४८ पासून लिडिया हॅमिल्टन स्मिथ यांच्याकडे होता. त्या मिश्र वंशाच्या होत्या, पदरी दोन मुलगे. लोक त्या दोघांच्या नात्याबद्दल हवं ते बोलत आणि वर्तमानपत्रं छापत. स्टीव्हन्स त्यांना ‘मिसेस स्मिथ’ म्हणे आणि इतरांनीही तसंच म्हणावं असा त्याचा आग्रह असे. त्या काळात काळ्या बाईला कुणी नुसत्या नावापलीकडे हाक मारत नसे. त्यांनी पुढे स्वतःच्या नावावर घरं घेतली, धंदा केला. अलीकडे या घराच्या आवारात उत्खनन झालं तेव्हा जमिनीखालचा पाण्याचा जुना हौद सापडला. त्याला शेजारच्या इमारतीतून शिरायची वाट होती. पळून आलेल्या गुलामांना तिथं लपवत असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. सरहद्द जवळ, माणसं धरून नेणारे दलाल गावात फिरत, आणि स्टीव्हन्सनं त्यांच्यावर पाळत ठेवायला स्वतःचा माणूस लावला होता.

१८५१ च्या सप्टेंबरात जवळच्या क्रिस्टिआना गावी मेरीलंडचा एक मालक आपले पळालेले गुलाम पकडायला आला. लपलेल्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी प्रतिकार केला, त्यात तो मालक मेला. सरकारनं ३८ जणांवर देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला एका गोऱ्या गिरणीवाल्यावर चालला. त्यानं माणसं पकडायला मदत करायचं नाकारलं, एवढंच. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता. पंचांनी पंधराएक मिनिटांत आरोपीला निर्दोष ठरवलं आणि बाकीचे खटले कोसळले. पुन्हा मेरीलंडचा मालक आणि पुन्हा स्टीव्हन्स. पण आता बाजू दुसरी होती.

पुढचं राष्ट्रीय राजकारण मी भराभर सांगते. युद्धकाळात तो अमेरिकन काँग्रेसमध्ये अर्थविषयक समितीचा प्रमुख होता, म्हणजे लढाईचा पैसा त्याच्या हातून जात होता. १८६३ च्या जूनमध्ये दक्षिणेच्या फौजेनं त्याची कॅलेडोनिया इथली भट्टी मुद्दाम जाळली. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या आणि सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी त्यानं जिवाचं रान केलं. १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्यानं मागणी केली की बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. नुसतं स्वातंत्र्य देऊन माणसाला उघड्यावर सोडू नका, हा त्याचा मुद्दा होता. काँग्रेसनं ते ऐकलं नाही. दक्षिणेतल्या मुक्त झालेल्या माणसांना पुन्हा त्याच मालकांच्या शेतावर वाट्यानं राबावं लागलं. कूळकायदा आणि जमीनवाटपाचे अर्धेमुर्धे प्रयोग पाहिलेल्या महाराष्ट्राला याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

११ ऑगस्ट १८६८ ला तो वॉशिंग्टनमध्ये वारला. शेवटच्या महिन्यांत त्याला खुर्चीत बसवून सभागृहात न्यावं लागत असे. त्याच वर्षी पुण्यात फुल्यांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. लँकेस्टरच्या नामांकित स्मशानभूमींच्या नियमांत काळ्यांना मज्जाव होता, म्हणून त्यानं असा मज्जाव नसलेली एक लहानशी जागा निवडली आणि थडग्यावर कोरायचा मजकूर स्वतः लिहून ठेवला: एकांताची आवड म्हणून मी इथे नाही, इतर ठिकाणी वंशाची अट आहे, आणि जन्मभर जे तत्त्व सांगितलं ते मरणातही दाखवता यावं म्हणून मी ही जागा निवडली. ते तत्त्व म्हणजे विधात्यापुढे माणसांची समता.

त्याचं मृत्युपत्र मला या मजकुराहूनही बोलकं वाटतं, कारण त्यात वकिलाची नजर आणि पोराचं काळीज एकाच कागदावर आहे. पीचमच्या दफनभूमीला ५०० डॉलर, आईच्या थडग्याची निगा राखायला, आणि दर वसंतात त्याच्या चारही कोपऱ्यांवर गुलाब आणि इतर टवटवीत फुलझाडं लावायला. मिसेस स्मिथ यांची तरतूद. आणि ठरावीक अटी पुऱ्या झाल्या तर उरलेल्या मालमत्तेतून लँकेस्टरला बेवारस मुलांसाठी एक आश्रम. अटी त्यानं बारकाईनं घातल्या होत्या. आईबापांच्या वंशामुळे किंवा धर्मामुळे कुणाला नाकारायचं नाही. जर्मन, आयरिश, मुसलमान, कुणालाही नाही. रंग न पाहता सगळ्यांना एकाच वर्गात, एकाच पद्धतीनं शिकवायचं. सगळ्यांना एकाच टेबलावर जेवायला वाढायचं. शाळा एक आणि पंगतही एक, असं त्यानं कायद्यानं बांधून ठेवलं.

मृत्युपत्रावरून बरीच वर्षं कज्जे चालले. अखेर १९०५ मध्ये राज्य सरकारनं कायदा करून त्याच्या नावानं गरीब आणि पोरक्या मुलांसाठी धंदेशिक्षणाची शाळा उभारली. ती आता तंत्रशिक्षणाचं कॉलेज झाली आहे, लँकेस्टरमध्येच. सुतारकाम, वेल्डिंग, यंत्रकाम असे विषय तिथे शिकवतात, आणि पेनसिल्व्हेनियातल्या कमी उत्पन्नाच्या घरातून आलेल्या, अटीत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना आजही शिकवणीची फी पडत नाही.